वारुळाची छत्री का कुत्र्याची? पातेलं चढवायच्या आधी एक रात्र थांबा

आमच्याकडं खानदेशात श्रावणातली कानबाई देवी बसून उठली की पुढचे दोन-तीन आठवडे दरवर्षी तेच. दोन दिवस पाऊस झोडपतो, तिसऱ्या दिवशी कडक ऊन पडतं, अंगाला घाम चिकटून राहतो आणि मंग व्हॉट्सअपवर फोटो सुरू होतात, "दादा, हे खायचं असतं का?" फोटोत काय, तर स्टीलच्या ताटात रानातल्या छत्रीचे, म्हणजे अळंबीचे (मश्रूमचे), बारीक चिरलेले पांढरे तुकडे, शेजारी कांदा, शेजारी लसूण. चिरून झाल्यावर विचारतात लोकं! तुकड्यावरून मी काय सांगू, पनीर असतं तरी ओळखलं नसतं.

मी बॉटनीचा प्रोफेसर नाही, केळीवाला माणूस आहे, चोपडा-यावल पट्ट्यात वावर आहे. पण एकदा स्वतः खाऊन ओकून ओकून अर्धा झालो होतो, तेव्हापासून या छत्र्यांचा नाद लागला. तर आधी ती फजिती सांगतो म्हणजे पुढचं कशासाठी सांगतोय ते कळेल.

बांधाला शेणखताचा जुना ढीग होता, दोन वर्षं हलवला नव्हता, त्याच्या कडेच्या गवतात सहा-सात छत्र्या उगवल्या होत्या. एकेक छत्री ताटलीएवढी, पांढरीशुभ्र, मधोमध तपकिरी टिकली आणि तिच्याभोवती खवले, दांड्याला बांगडी. दिसायला इतकी देखणी की सोडवेना. पिशवीत भरून घरी आणल्या. मायनं पिशवीत डोकावलं आणि म्हणाली, "हाई काय लई उना रे भो?" (हे काय घेऊन आलास रे भाऊ?) म्हटलं वारुळाची अळंबी आहे, बाजारात पाव किलोला काय भाव देतात माहिती आहे का. ती म्हणाली तुझं तू शिजव, माझ्या पातेल्यात नाही. मंग मीच गॅसवर काळा मसाला टाकून रस्सा केला आणि खरं सांगतो, चव एक नंबर होती. साडेआठला जेवलो, सव्वादहाला पोटात पीळ पडला आणि मंग पहाटे चारपर्यंत वर-खाली दोन्हीकडून. सलाइन लागली. डॉक्टरनं पहिला प्रश्न विचारला, "उरलेली आहे का? आणा." उरली कुठं होती, सगळी शिजवून चाटून पुसून संपवलेली.

ती वारुळाची नव्हती हे उघड आहे. तिचं शास्त्रीय नाव क्लोरोफायलम मोलिब्डायटीस, १८१८ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या गयानामधल्या नमुन्यावरून तिचं वर्णन पहिल्यांदा छापलं गेलं, आता उष्ण देशांत सगळीकडं सापडते. लॉन, कुरण, गोठ्यामागचं गवत, शाळेचं ग्राउंड, लग्नाच्या लॉन्सवर तर हमखास. जगात ज्या छत्र्या खाऊन लोकं सगळ्यात जास्त आजारी पडतात त्यात हिचा नंबर वर आहे, आणि कारण एकच, दिसायला गुणी आणि चवीला चांगली. कडू विष थुंकून तरी टाकतो माणूस.

आता मुद्द्याचं. छत्री ओळखताना सगळे रंग बघतात, मी सांगतो आधी ती जेवते काय ते बघा. जमिनीवर दिसते ती छत्री म्हणजे नुसतं फळ आहे, आंब्यासारखं. खरं झाड खाली आहे, पांढऱ्या सुतासारखं पसरलेलं बुरशीचं जाळं, ते वर्षभर मातीत असतं आणि पावसाळ्यात चार दिवस फळ वर काढतं. हे जाळं कशावर जगतं त्यावरून तुम्हाला अर्धी ओळख पटते.

माझी ती खवल्यांची छत्री मेलेल्यावर जगते. वाळलेलं गवत, शेण, कुजका पालापाचोळा. जाळं एका जागेवरून सुरू होतं आणि खात खात चहूबाजूंनी बाहेर सरकतं, म्हणून कधी कधी छत्र्या गोल रिंगणात उगवलेल्या दिसतात आणि त्या रिंगणावरचं गवत जास्त हिरवंगार असतं, कारण कुजवताना नत्र मोकळं होतं. आमच्याकडं पोरं म्हणतात तिथं भुतं नाचली. नाचली असतील, पण युरिया देऊन गेली.

वारुळाची अळंबी मात्र शेती करून घेते, म्हणजे स्वतः करत नाही, उधई म्हणजे वाळवी करते तिची. काही जातीची उधई पालापाचोळा, लाकूड आणून वारुळाच्या पोटात मधाच्या पोळ्यासारखे भुरे स्पंज रचते आणि त्यावर ही बुरशी वाढवते, कारण ते लाकूड तिला एकटीला नीट पचत नाही, बुरशी ते मऊ करून देते आणि मंग उधई खाते. टर्मिटोमायसिस असं या बुरशीचं नाव, आणि ही भागीदारी काही कोटी वर्षं जुनी आहे, म्हणजे आपण कापूस पेरायला लागलो त्याच्या कितीतरी आधीपासून सातपुड्याच्या मातीखाली शेती चालू होती. पावसात त्या स्पंजातून एक लांब मूळ वर येतं, माती फोडतं आणि बाहेर छत्री उघडते. छत्रीच्या मधोमध टोक असतं ना, ते माती फोडायचं टोकदार डोकं.

तिसरी जात जिवंत झाडाशी भागीदारी करून जगते, मुळाला चिकटून. झाड साखर देतं, बुरशी पाणी आणि स्फुरद आणून देते. जगातली सगळ्यात कुप्रसिद्ध विषारी छत्री, डेथ कॅप, अमानिता फॅलॉइडीस, यातलीच आहे. मूळची युरोपातली, ओकच्या झाडांबरोबर राहणारी, आणि रोपांच्या मुळांना चिकटून अमेरिका-ऑस्ट्रेलियापर्यंत गेली. तिच्या भाऊबंद अमानिता आपल्या देशात हिमालयात, सह्याद्रीत, साल वृक्षाच्या जंगलात आहेत. आपल्याकडं साल नाही, साग आहे, आणि सागाची भागीदारी वेगळ्याच बारीक बुरशीशी असते जी छत्री काढतच नाही. म्हणून सातपुड्यात पाल किंवा तोरणमाळच्या बाजूला सागाच्या जंगलात पावसाळ्यात बहुतेक कुजक्या लाकडावरच्या आणि उधईच्याच छत्र्या दिसतात. पण यावरून निर्धास्त होऊ नका भो. बांधाला निलगिरी लावलेली असते, तिच्या मुळाशी अशा भागीदार बुरशा येतात. आणि लेपिओटा म्हणून बारीक खवलेवाल्या छत्र्या असतात, रुपया ते वाटीएवढ्या, त्यातल्या काहींमध्ये डेथ कॅपचंच विष असतं आणि त्यांना कोणतंही झाड लागत नाही, गवतात पण येतात. लहान खवलेवाली दिसली की हात मागं, विषय संपला.

मंग ओळखायची कशी? मला ज्यांनी शिकवलं त्या एक पावरा आदिवासी आजी, डोंगरावरून बाजाराच्या दिवशी पानात बांधून अळंबी आणायच्या. मी त्यांना म्हटलं मला दाखवा, तर त्यांनी छत्रीकडं बघितलंसुद्धा नाही, विळ्याच्या टोकानं दांड्याभोवतीची माती उकरायला लागल्या. चार बोटं, वीतभर, तरी दांडा खाली चाललेलाच, वर अंगठ्याएवढा जाड आणि खाली निमुळता होत होत उंदराच्या शेपटीसारखा, वरून काळपट. "हाई मूळ से का? मंग आपली," एवढंच बोलल्या. पूर्ण खणलं नाही त्यांनी. खालचा स्पंज फुटला तर पुढच्या वर्षी तिथं येत नाही म्हणे, आणि दुसरं, वारुळात हात घालायची हौस नको, नागपंचमीला आपण पूजा कुणाची करतो ते आठवा.

तर पहिलं काम जागेवरच. छत्री कधीही वरून मोडून घेऊ नका, लोकं इथंच फसतात, खालचा पुरावा मातीतच राहतो. काडीनं किंवा विळ्यानं बाजूची माती सैल करा आणि दांड्याचं टोक लागेपर्यंत जा. टोक पटकन लागलं आणि ते गोल फुगीर निघालं तर ती गवतातली खवलेवाली असू शकते. टोकाला अंड्याच्या फुटक्या कवचासारखी पांढरी वाटी निघाली तर ती अमानिताची खूण, तिथंच ठेवा आणि हात धुवा. नुसता हात लावल्यानं विष चढत नाही, घाबरू नका, पण त्याच हातानं भाकर खाऊ नका. शेपटीसारखं लांब मूळ निघालं आणि आजूबाजूला वारूळ किंवा उधईची माती दिसली तर पुढच्या पायरीला जायचं. बांगडी आहे का नाही यावर जाऊ नका, वारुळाच्या काही जातींना पण बांगडी असते.

हां, आणि अभयारण्याच्या हद्दीत असाल तर फक्त फोटो काढा, तिथून परवानगीशिवाय काही उचलून आणणं कायद्यात बसत नाही.

दुसरं, न उमललेली कळी कधी घेऊ नका. कळ्या कोवळ्या लागतात म्हणून लोकं मुद्दाम वेचतात आणि तीच अवस्था सगळ्यात फसवी. अमानिताची कळी बाहेरून अंड्यासारखी गोल, पफबॉल म्हणून चेंडूसारखी गोल छत्री असते, तिच्यासारखी दिसते. घेतलीच असेल तर वरपासून खालपर्यंत उभी चिरा. आत चिमुकल्या छत्रीचा आकार दिसला किंवा आतला गर काळा-जांभळा निघाला तर फेका. निलगिरीखाली जे कडक गोल गोळे येतात, आत काळे, ते पण विषारीच. माझी ती गवतातली छत्री पण कोवळी असताना खालून पांढरीफेक असते, हिरवट झाक मागून चढते, म्हणून "खालून पांढरी आहे ना, मग चालते" हे वाक्य मी पण म्हटलं होतं, साडेआठच्या आधी.

आता खरी परीक्षा, आणि यासाठीच एक रात्र थांबायचं. छत्रीखालच्या पट्ट्यांमधून बारीक भुकटी पडते, ती म्हणजे बुरशीचं बी, तिचा ठसा घेऊन रंग बघायचा. पूर्ण उमललेली एक छत्री घ्या, दांडा छत्रीच्या बुडापासून कापा. जुन्या फोटोफ्रेमची काच पुसून घ्या, तिच्यावर छत्री पालथी ठेवा, म्हणजे पुस्तकाच्या पानांसारख्या पट्ट्या काचेकडं. वरून पाण्याचा एक थेंब टाका, वर एखादा डबा पालथा घाला, पंखा बंद. लोकं पांढऱ्या कागदावर ठेवतात आणि मग पांढरा ठसा दिसतच नाही, म्हणतात काहीच पडलं नाही. काचेचा फायदा हा, सकाळी ती पांढऱ्यावर धरा, काळ्यावर धरा, सगळं दिसतं. सहा तासात पडायला लागतं, पण संध्याकाळी ठेवून सकाळी बघितलेलं बरं, आणि बघायचं उन्हात, ट्यूबलाइटखाली हिरवा आणि राखाडी एकसारखाच वाटतो.

मी ती फजिती झाल्यावर पंधरा दिवसांनी त्याच ढिगावर परत उगवलेली आणून ठेवली होती. सकाळी डबा उचलला तर काचेवर सायकलच्या तारांसारख्या बारीक बारीक रेषा मधून बाहेर गेलेल्या आणि रंग मळकट हिरवा, वाळलेल्या कडुलिंबाच्या पाल्याची भुकटी असते ना, अगदी तसा. बोट फिरवलं तर बोटाला पण लागला. छत्रीखालून हिरवी भुकटी पडणारी दुसरी मोठी छत्री तुमच्या वावरात सापडणार नाही, त्यामुळं हिरवा म्हणजे तीच, वाद नको. पांढरा पडला तरी फेका, कारण अमानिता आणि लेपिओटा दोघींचा पांढराच. तपकिरी, काळा, फेका. वारुळाच्या अळंबीचा ठसा फिकट गुलाबी पडतो, दुधात थोडं रूहअफजा सांडल्यासारखा.

पण गुलाबी पडला म्हणून लगेच कांदा चिरायला घेऊ नका. एन्टोलोमा नावाच्या छत्र्यांचा ठसा पण गुलाबीच असतो आणि त्यातल्या कितीतरी विषारी आहेत. म्हणून वारूळ, लांब मूळ, मधलं टोक, गुलाबी ठसा, हे सगळं एकाच छत्रीत जमलं पाहिजे, आणि वर ज्या माणसानं पंचवीस पावसाळे तीच जात खाल्ली आहे त्यानं ती हातात घेऊन हो म्हटलं पाहिजे. या परीक्षा छत्रीला नापास करायला आहेत, पास करायला नाहीत. एकात जरी नापास झाली तर उकिरडा. आणि हो, पिशवीतली एकेक छत्री बघायची, एक तपासली आणि बाकीच्या वीस तिच्या भावकीतल्या समजून टाकल्या असं नाही चालत, एकाच जागी दोन जाती उगवतात.

मोबाइल ॲपचं विचाराल तर ते खेळायला ठीक आहे. वरून काढलेल्या फोटोला ते मूळ कुठून दिसणार.

आता घरोघरी चालणाऱ्या परीक्षा. चांदीचं नाणं टाकायचं, काळं पडलं तर विषारी. खोटं, या विषानं चांदी काळी पडत नाही. लसूण किंवा तांदूळ टाकून रंग बघायचा, खोटं. किडे लागलेत, गोगलगाईनं खाल्लंय म्हणजे चालतं, हे तर सगळ्यात घातक, गोगलगाय डेथ कॅप आरामात खाते. वरची साल निघाली म्हणजे खाण्याची, खोटं. चांगलं उकळून पाणी फेकलं की झालं, वाळवून ठेवलं की झालं, हेही खोटं, डेथ कॅपमधलं अमॅटॉक्सिन शिजवून, वाळवून, फ्रीजरमध्ये ठेवून जात नाही. आणि नावाचं म्हणाल तर कुत्र्याची छत्री म्हणतो आपण, पण ती गवतातली कुत्र्यानं खाल्ली तर कुत्र्यालाही बाधते बिचाऱ्याला.

खाल्लीच कुणी तर काय करायचं हे नीट वाचा, इथं घाई करू नका. घड्याळ महत्त्वाचं आहे. किती वाजता खाल्लं आणि किती वाजता पहिली उलटी झाली हे कागदावर लिहा. गवतातल्या खवलेवालीचा त्रास बहुतेक एक ते तीन तासांत सुरू होतो, माझा पावणेदोन तासांत झाला. हाल कुत्रं खात नाही असे होतात पण मोठा माणूस बहुधा एक-दोन दिवसांत उठतो, धोका अंगातलं पाणी जाण्याचा, म्हणून लहान पोरं आणि म्हातारी माणसं लगेच दवाखान्यात. अमॅटॉक्सिनचं गणित उलटं आहे. सहा ते बारा तास, कधी चोवीस तास काहीच होत नाही, मंग जोरात हगवण-उलटी, मंग माणसाला बरं वाटायला लागतं, लोकं म्हणतात उतरलं, घरी घेऊन येतात, आणि त्याच काळात ते विष यकृताच्या पेशींमधलं प्रथिनं बनवायचं यंत्रच बंद पाडत असतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळे पिवळे. तोपर्यंत फार उशीर झालेला असतो. एप्रिल २०२२ मध्ये वरच्या आसामात रानातल्या छत्र्या खाऊन १३ माणसं गेली, त्यात चहाच्या मळ्यातल्या मजुरांची घरंच्या घरं होती.

म्हणून उशिरा त्रास सुरू झाला तर तो जास्त गंभीर समजायचा, हलका नाही. आणि लवकर सुरू झाला म्हणून सुटलो असंही नाही, पिशवीत दोन जाती मिसळलेल्या असू शकतात. खाल्लेली छत्री संशयाची आहे हे कळलं तर त्रास व्हायची वाट न बघता निघा, ज्यांनी ज्यांनी ताटात घेतली त्या सगळ्यांना घेऊन. १०८ लावा. दिल्लीच्या एम्समध्ये विषबाधेची माहिती देणारं केंद्र आहे, टोल फ्री १८०० ११६ ११७, तिथं तुमच्या डॉक्टरला बोलता येतं. घरी बोट घालून, मिठाचं पाणी पाजून उलटी काढत बसू नका, ताक-लिंबू-तूप काही नको. उरलेली कच्ची छत्री, नसेल तर सालपटं, तेही नसेल तर उरलेला रस्सा सोबत न्या. छत्री कागदात गुंडाळा, प्लास्टिकमध्ये दोन तासांत तिचा चिखल होतो. आणि डॉक्टरला स्वतःहून "रानातली छत्री खाल्ली" असं सांगा. लाजेपायी लोकं शिळं खाल्लं म्हणून सांगतात, मंग गॅस्ट्रोची गोळी घेऊन घरी येतात आणि लिव्हरची तपासणी राहून जाते.

अंगणात, लॉनवर हिरव्या ठशाची उगवली असेल आणि घरात रांगतं पोर असेल तर रोज सकाळी उपटून कचऱ्यात टाका. औषध फवारून जात नाही, जाळं खाली असतं, चार-आठ दिवस तेवढं उपटायचं काम.

आणि मला फोटो पाठवणार असाल तर असा पाठवा. एक फोटो उभ्या छत्रीचा, बाजूला पाच रुपयाचं नाणं. एक खालून, पट्ट्या दिसतील असा. एक मातीसकट मुळाचा. एक उभ्या चिरलेल्या अर्ध्या भागाचा. एक उगवली त्या जागेचा, वारूळ, उकिरडा, झाड काय आहे ते दिसू द्या. आणि शेवटचा सकाळच्या उन्हात धरलेल्या काचेचा. कांद्याचा नको.